कोणी काढलं, का काढलं

2023 च्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. आमच्या गेमिंग ग्रुपमध्ये जळगाव, धुळे, नंदुरबारची पोरं आहेत, शिवाय कामधंद्यासाठी सुरतला आणि पुण्याला गेलेली काही. खेळ बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, म्हणजे बंदुकांच्या लढाईच्या पबजीचा भारतीय अवतार, सगळ्यांच्या तोंडी बीजीएमआय. त्या सुट्टीत आमच्याच भागातल्या एका आयोजकाने टूर्नामेंट ठेवली. स्क्वॉडमागे, म्हणजे चौघांच्या संघामागे, दोनशे रुपये, पासवर्डने उघडणारी कस्टम रूम, तीन मॅच, पहिल्या तिघांना बक्षीस. मॅच झाल्या, निकालाचा तक्ता लागला, बक्षीस काही आलं नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. मग अमळनेरकडच्या एका पोराने, बारावीला असेल तेव्हा, रात्री अकराच्या सुमारास ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला. पैसे कोणत्या तारखेला भरले, रूमचा पासवर्ड किती उशिरा आला, स्लॉटच्या यादीत नाव नसलेला एक स्क्वॉड तिसऱ्या मॅचला आत कसा आला, बक्षिसाचं विचारल्यावर काय उत्तर मिळालं, सगळं ओळीने लिहिलेलं. एकही शिवी नव्हती. शेवटी एवढंच होतं, ‘पैसे राहू द्या भो, पण पुढच्या वेळी पोरांना फसवू नका.’

अर्ध्या तासात आयोजकाचा मला फोन आला. आम्ही पाच जण ग्रुपचे मॉड, म्हणजे नियम बघणारे, नको ते मेसेज काढणारे, त्यातला मी एक. ‘दादा, ग्रुपचं नाव खराब होतंय. तेवढं काढून टाका, पोराशी मी बोलून घेतो.’ मी काढलं. मेसेजवर बोट दाबून धरलं, डिलीट केलं, झोपलो. व्हॉट्सॲपवर अ‍ॅडमिनने मेसेज काढला तर निदान ‘अ‍ॅडमिनने काढला’ अशी पट्टी मागे राहते. आमचा ग्रुप डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर आहे. तिथे वरचा मेसेज आणि खालचा मेसेज एकमेकांना चिकटतात, मधे काही होतं याची खूणही राहत नाही. सकाळी उठून ग्रुप उघडणाऱ्याला कळायला मार्गच नव्हता. ज्यांनी रात्री वाचलं होतं त्यांना वाटलं, पोराने स्वतःच मागे घेतलं, म्हणजे त्याचंच काहीतरी चुकलं असणार. दोन दिवसांनी तो ग्रुप सोडून गेला.

त्या रात्री मी काय केलं यावर मी पुष्कळ विचार केला आहे, आणि माझं म्हणणं आता पक्कं आहे. ग्रुप चालवणाऱ्याला, टूर्नामेंट घेणाऱ्याला, गेम बनवणाऱ्या कंपनीला एखादी गोष्ट काढून टाकण्याचा अधिकार असतो, तो हवाही. गुपचूप काढण्याचा अधिकार मात्र कोणालाच नसावा. काय काढलं, कोणत्या नियमाने काढलं आणि कोणी काढलं, या तीन गोष्टी सगळ्यांना दिसतील अशा ठिकाणी लिहिल्याशिवाय काहीही काढू नये. बाकीचे वाद, म्हणजे काय चालावं आणि काय चालू नये, हे त्यानंतरचे. ते घालायला मी तयार आहे, पण आधी हे.

हे मोबाइलवरच्या खेळापुरतं आहे, एवढं कशाला ताणायचं, असं मला घरीही विचारतात. आमच्याकडच्या वीस-बावीस वर्षांच्या पोराची संध्याकाळ कुठे जाते ते बघा. पूर्वी पारावर, मारुतीच्या ओट्यावर, एसटी स्टँडच्या टपरीवर जे बोलणं चालायचं, त्यातलं बरंचसं आता मॅचच्या आधीच्या लॉबीत आणि मॅचनंतरच्या व्हॉइस चॅटमध्ये चालतं. कापसाला काय भाव लागला, कोणाचं लग्न ठरलं, कोणाला नोकरी लागली, कोणता आमदार कुठे गेला. पोरगा पहिल्यांदा चारचौघांत आपलं मत मांडतो ते इथेच. आणि मत मांडल्यावर काय होतं, हेही तो इथेच शिकतो. अमळनेरचा तो पोरगा माझ्याकडून काय शिकला? नीट, पुराव्यासह, सभ्यपणे लिहिलं तर ते नाहीसं होतं.

‘नाहीसं होणं’ हा शब्द आम्हा खेळणाऱ्यांना चांगला ओळखीचा आहे. 2 सप्टेंबर 2020 ला पबजी मोबाइल बंद झालं, एकूण 118 ॲप्सबरोबर. 14 फेब्रुवारी 2022 ला फ्री फायर गेलं. 28 जुलै 2022 ला बीजीएमआय प्ले स्टोअरवरून आणि ॲप स्टोअरवरून दिसेनासं झालं, ते जवळपास दहा महिन्यांनी, मे 2023 च्या अखेरीस परत आलं. देशाच्या सुरक्षेसाठी सरकारला असे निर्णय घ्यावे लागतात, यावर माझं भांडण नाही. पण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69 अ खाली घातलेल्या बंदीची कागदपत्रं 2009 च्या नियमांप्रमाणे गोपनीय राहतात. ज्याचं ॲप गेलं, ज्याचे पैसे त्यात अडकले, त्याच्या हातात कारणाचा कागद पडत नाही. 2022 च्या त्या जुलैत आमच्या ग्रुपवर चार दिवस नुसत्या अफवा होत्या. कोणी म्हणे सर्व्हर, कोणी म्हणे चीन, कोणी म्हणे कुठल्यातरी पोराने घरात काही केलं म्हणून. कारण सांगितलं नाही की त्या जागी अफवा येऊन बसते. माझ्या काढलेल्या मेसेजच्या बाबतीत तेच झालं होतं, फक्त लहान प्रमाणावर.

कायद्याचीच गोष्ट निघाली म्हणून आणखी एक. नोव्हेंबर 2012 मध्ये मुंबई बंदबद्दल एकीने फेसबुकवर लिहिलं आणि दुसरीने ते लाइक केलं, म्हणून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. पुढे श्रेया सिंघल हिच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 ला त्याच माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा देणारं, कलम 66 अ रद्द केलं. ‘त्रासदायक’, ‘गैरसोयीचं’, ‘अतिशय आक्षेपार्ह’ असे शब्द इतके ढगळ आहेत की त्यांत काहीही बसवता येतं, हे त्या निकालाचं एक मुख्य कारण. एखाद्या मताची चर्चा करणं, त्याचा प्रचार करणं आणि चिथावणी देणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, बंदीचा प्रश्न तिसरीपाशी येतो, हेही न्यायालयाने सांगितलं. त्याच निकालात 69 अ मात्र कायम राहिलं, आणि त्यामागे एक विचार असा होता की तिथे कारणं लेखी नोंदवावी लागतात, त्यामुळे त्यांना न्यायालयात आव्हान देता येतं. कारण लिहून ठेवण्याला एवढं मोल आहे.

आता कोणत्याही गेमिंग ग्रुपचे नियम उघडा. आमचे होते ते जसेच्या तसे सांगतो. ‘टॉक्सिक बोलू नये. ग्रुपचं वातावरण बिघडवू नये. मॉडचा निर्णय अंतिम राहील.’ 66 अ चे शब्द तरी काय वेगळे होते? वातावरण म्हणजे काय, ते बिघडलं हे कोणी ठरवायचं? बक्षीस बुडवणाऱ्या आयोजकाला विचारलं तर तो म्हणणारच, या पोराने वातावरण बिघडवलं. आणि मी ते मान्य केलं, कारण नियमात ते सहज बसत होतं.

घटनेचं अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं कलम 19 मुख्यतः सरकारला बांधतं, खासगी ग्रुपला तसं नाही, हे मला माहीत आहे. ‘ग्रुप आमचा आहे, नियम आमचे. पटत नसेल तर स्वतःचा काढा.’ हे वाक्य मीही बोललेलो आहे. त्यावर नीट थांबून विचार करायला मला अमळनेरनेच लावलं. फेब्रुवारी 2024 मध्ये तिथे 97 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. त्याच गावात, त्याच दिवसांत, विद्रोही साहित्य संमेलनही भरलं. ज्यांना मोठ्या मांडवात आपली जागा दिसली नाही त्यांनी आपला मांडव घातला, आणि लोक या मांडवातून त्या मांडवात पायी जात-येत होते. असं व्हायला गाव सगळ्यांचं असावं लागतं. रस्ता, मैदान, चहाची गाडी सगळ्यांची असावी लागते. गेममध्ये तसं नसतं. सर्व्हर कंपनीचा, खातं कंपनीच्या मर्जीवर, पाच वर्षं खेळून कमावलेली रँक आणि पदरचे पैसे घालून घेतलेले स्किन, म्हणजे पात्राचे नि बंदुकीचे पोशाख, तिच्याच तिजोरीत. आयडी बॅन झाला तर दुसरा मांडव घालायला जमीनच नाही. ग्रुपचंही थोडंफार तसंच आहे. चारशे पोरं जिथे जमतात, जिथे रूमचे पासवर्ड येतात, जिथे स्क्वॉड जुळतात, तिथून बाहेर पडलेला पोरगा ‘स्वतःचा ग्रुप’ काढून एकटा बसतो. म्हणून मालकीचं कारण मला पुरेसं वाटत नाही. ज्याच्या हातात एवढी दारं आहेत त्याने दार लावताना निदान बोलावं.

खेळणाऱ्यांनी केलेली टीका मोकळी राहिली तर तिने खेळ सुधारतो, याची उदाहरणं डोळ्यांसमोर आहेत. 2017 च्या नोव्हेंबरात ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट 2’ येणार होता. त्यातली मोठी पात्रं उघडायला एक तर तासन्‌तास खेळा, नाही तर पैसे मोजून नशिबाची पेटी उघडा, अशी रचना होती. जगभरच्या खेळाडूंनी असा गदारोळ केला की विक्री सुरू व्हायच्या आदल्या दिवशी कंपनीला खेळातली खरेदी बंद करावी लागली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये बेल्जियमच्या जुगार आयोगाने अशा काही पेट्या जुगारात मोडतात असं ठरवलं. मे 2024 मध्ये ‘हेलडायव्हर्स 2’ खेळायला सोनीचं खातं जोडणं सक्तीचं होणार असं जाहीर झालं, आणि अनेक देशांत तर ते खातं मिळतच नव्हतं. तीन दिवसांत दोन लाखांहून जास्त वाईट परीक्षणं आली आणि सोनीने निर्णय मागे घेतला. हेच खेळाडू एकेका ग्रुपवर तक्रार करत होते तेव्हा एकेका मॉडने ‘वातावरण बिघडतंय’ म्हणून ती काढली असती, तर यातलं काही झालं असतं का?

आमच्याकडे क्रेट, म्हणजे अशाच नशिबाच्या पेट्या, उघडण्यात पोरांनी घालवलेल्या पैशांबद्दल कोणी ग्रुपवर लिहिलं की लगेच चार जण तुटून पडतात, ‘नको तर खेळू नको, गेमला नावं ठेवायची नाहीत.’ हा भाबडेपणा आहे. खेळावर प्रेम आहे म्हणूनच माणूस त्याला बोलतो. गावच्या यात्रेत कुस्त्यांची दंगल असते, तिथे पंचाचा निकाल चुकला तर कडेला बसलेला म्हातारा उठून ओरडतो. त्याला कोणी आखाड्याचा शत्रू म्हणत नाही, उलट त्याला कुस्ती कळते असं म्हणतात. 22 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची सही झालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैशांवरचे खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान दिला. खेळ म्हणून मान हवा असेल तर पंचाला प्रश्न विचारणारा म्हाताराही त्याबरोबर येणार, तो सोसायला हवा.

टीका करणं आणि बंदी मागणं यांतही आपण घोळ करतो. 2021 मध्ये बीजीएमआय आलं तेव्हा त्यात रक्त हिरवं दाखवलं, अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आली, खर्चालाही सात हजारांची मर्यादा घातली. यावर ग्रुपमध्ये दोन तट पडले. एक म्हणे, रक्त हिरवं करून काय साधलं, हे खेळाडूला लहान मूल समजणं आहे. दुसरे म्हणे, लहान भाऊ शेजारी बसून बघतो, बरं झालं. दोन्ही बाजूंना बोलू दिलं तेव्हा आठ दिवस चांगली चर्चा झाली, एका शिक्षकानेही त्यात भाग घेतला. कोणी म्हणालं की अमुक पोशाख मुलींना अवमानकारक आहे, तर तो बंदीचा हुकूम होत नाही, ते एक मत आहे. त्याला उत्तर मताने द्यावं. बदल करायचा की नाही हे बनवणाऱ्याने ठरवावं आणि आपलं कारण सांगावं.

कारण आणि निर्णय यांचं माप कसं चुकतं ते ऑक्टोबर 2019 मध्ये दिसलं. हाँगकाँगचा ‘हार्थस्टोन’ खेळाडू ब्लिट्झचुंग याने सामन्यानंतरच्या मुलाखतीत तिथल्या आंदोलनाच्या बाजूने घोषणा दिली. ब्लिझार्ड कंपनीने त्याला वर्षभरासाठी बाहेर काढलं आणि बक्षिसाची रक्कमही काढून घेतली. जगभर ओरड झाल्यावर काही दिवसांत बंदी सहा महिन्यांवर आली आणि बक्षीस परत मिळालं. मुलाखतीत राजकारण नको, असा नियम असू शकतो, मी तो समजू शकतो. पण कष्टाने जिंकलेलं बक्षीस काढून घेणं कोणत्या न्यायात बसत होतं? निर्णय उघड होता म्हणून तरी तो दुरुस्त झाला. गुपचूप झाला असता तर तसाच राहिला असता.

माणसाच्या हातून चूक होते तशी यंत्राच्याही. आमच्या ग्रुपवर शिव्या पकडायला आम्ही बॉट लावला आहे. त्याला शब्दांची यादी द्यायची. शब्दाच्या शेवटी एक चांदणी (*) लावली की त्या अक्षरांनी सुरू होणारा प्रत्येक शब्द तो गिळतो. आमच्यातल्या एका मॉडने, तो पुण्याला वाढलेला, शरीराच्या एका अवयवाचा शिवीसारखा वापरला जाणारा दोन अक्षरी शब्द चांदणीसह यादीत टाकला. त्याच्या दृष्टीने बरोबरच होतं. पुढच्या मे-जूनमध्ये दहावीचा निकाल लागला. शिरपूरकडचे एक आबा, मुलासोबत स्क्वॉड करून खेळणारे, ग्रुपवर आनंदाने लिहायला गेले, ‘मना आंडोर पास व्हयना.’ मेसेज दिसला नाही. त्यांनी परत टाकला. परत गेला. तिसऱ्यांदा टाकल्यावर बॉटने त्यांना दहा मिनिटं गप्प केलं. अहिराणीत आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी. दोन्ही शब्द त्याच अक्षरांनी सुरू होतात. घराघरात दिवसातून शंभर वेळा येणारे, मायेचे शब्द. आबांनी मला वेगळा मेसेज केला, या वेळी प्रमाण मराठीत, जपून जपून, ‘मी काही वाईट बोललो का?’

ते वाक्य मला फार लागलं. आपली बोली घाण आहे की काय, असा संशय माणसाच्या मनात आला, तोही लेकराच्या निकालाच्या दिवशी. यंत्राच्या यादीचं हे दुखणं जुनं आहे. 1996 मध्ये इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना गावाच्या नावात शिवीची अक्षरं येतात म्हणून एका इंटरनेट कंपनीत खातंच उघडता येईना. त्याला तीन दशकं होत आली. इंग्रजीपुरता उपाय लोकांनी शोधला, पण अहिराणी, लेवा गणबोली, पावरी, भिली यांची काळजी कोणत्या कंपनीच्या कोणत्या टेबलावर घेतली जाते? म्हणून माझा आग्रह आहे की काय काढायचं हे ठरवणाऱ्यांत त्या बोलीचा माणूस हवाच. मॉड पाच असतील तर त्यात दोन अहिराणी घरातले असावेत. कंपनीला मराठीत गेम विकता येतो, तर तक्रारही मराठीत ऐकावी.

आता दुसरी बाजू. ती मांडताना मला जास्त जड जातं, कारण तिथे आम्ही न काढून गुन्हा केला.

जळगावला नर्सिंग शिकणारी एक मुलगी आमच्या ग्रुपमध्ये दोन वर्षं मुलाच्या नावाने खेळत होती. माइक कायम बंद. आम्हाला वाटायचं भाऊ अबोल आहे. मॅचमध्ये ती टाइप करून सांगायची, ‘लेफ्ट’, ‘झोन बघ’, ‘थांब’, आणि तिचं सांगणं बरोबर असायचं. एकदा कॉलेजच्या टूर्नामेंटला नाव खरं लिहावं लागणार होतं, तेव्हा तिने मला सांगितलं. पूर्वी दुसऱ्या एका ग्रुपमध्ये ती माइक चालू ठेवून खेळायची. म्हणाली, ‘दादा, माझा आवाज ऐकला की मॅच संपते आणि बाकीच्याच गोष्टी सुरू होतात.’ इन्स्टाचा आयडी दे, गाणं म्हण, एवढ्या रात्री घरचे खेळू देतात का. नाही म्हटलं की घाणेरडं बोलणं. नॉक झाली, म्हणजे गोळी लागून पडली, तर रिव्हाइव्ह करायला, म्हणजे उठवायला, कोणी यायचं नाही, शेजारी उभे राहून हसायचे. तिने कधी तक्रार केली नाही, नुसता माइक बंद केला. तिचा एकही मेसेज कोणी काढलेला नाही. तरीही दोन वर्षं तिचा आवाज ग्रुपमधून काढलेलाच होता, आणि त्याचीही कुठे नोंद नव्हती.

‘आपली भाषाच रांगडी आहे भो, शिवीशिवाय खेळाला मजा नाही,’ असं म्हणणाऱ्यांना मी हे सांगतो. मीही याच भाषेत वाढलो. लंगोटीयार एकमेकांना काय काय बोलतात ते मला ठाऊक आहे, आणि त्यात द्वेष नसतो हेही. त्या शिवीला परत शिवी देता येते, ती दोघांची असते. तिच्यावर टाकलेल्या बोलण्याला परत काय देणार? तिला एकच उत्तर होतं, निघून जाणं. ज्या बोलण्यापुढे समोरच्याला फक्त निघून जाणं उरतं, ते बोलणं काढण्यात अभिव्यक्तीचा गळा दाबला जात नाही. उलट ते ठेवलं तर दुसऱ्या कोणाचा तरी दाबला जातो, आणि त्याचा आवाज होत नाही म्हणून आपल्याला कळत नाही.

2014 च्या ऑगस्टपासून पाश्चात्य गेमिंगमध्ये ‘गेमरगेट’ नावाचं जे प्रकरण पेटलं, त्यात हे दोन्ही एकात एक मिसळलं होतं. गेमच्या पत्रकारितेतल्या नीतीचा प्रश्न विचारतोय असं म्हणत गेम बनवणाऱ्या आणि गेमवर टीका करणाऱ्या स्त्रियांना धमक्या दिल्या गेल्या, त्यांचे घरचे पत्ते उघड केले गेले, काहींना घर सोडावं लागलं. टीकेचा झगा घालून छळ आत येतो, हे तेव्हा जगाला दिसलं. म्हणून फरक करता यायला हवा, आणि तो रात्री अकरा वाजता, फोन हातात असताना, झोप आलेली असताना करता यायला हवा.

मी एक साधी पारख वापरतो. मेसेजमधून ज्याच्याबद्दल लिहिलंय तो माणूस झाकून बघायचा. अमळनेरच्या पोराच्या मेसेजमधून आयोजकाचं नाव झाका, तरी तारखा राहतात, पासवर्डची वेळ राहते, स्लॉटची यादी राहते. त्या मुलीला उद्देशून जे बोललं गेलं त्यातून तिला झाका, मागे काहीच उरत नाही. ज्यात काही उरतं ते राहू द्यायचं, मग ते आम्हा मॉडवर कितीही कडक असो. दोन्ही मिसळलेलं असतं तेव्हा खरी अडचण. तक्रार रास्त आणि मधे आईवरून दोन शब्द. डिस्कॉर्डवर दुसऱ्याचा मेसेज मॉडला दुरुस्त करता येत नाही, ठेवायचा किंवा काढायचा एवढंच हातात असतं. आम्ही तो काढतो, लिहिणाऱ्याला त्याचा मजकूर परत पाठवतो आणि ते दोन शब्द वगळून टाक म्हणतो. बहुतेक जण टाकतात. जो टाकत नाही, त्याच्या तक्रारीचा मुद्दा आम्ही आमच्या शब्दांत ग्रुपवर ठेवतो. मुद्दा बुडू द्यायचा नाही.

यावर सोबतचे मॉड म्हणतात ते खोटं नाही. आपण फुकट काम करतो, कोणी शेतात असतो, कोणी दुकानात, प्रत्येक डिलीटचं कारण कुठे लिहीत बसायचं? मोठ्या कंपन्यांना 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी बांधलं आहे. तक्रार 24 तासांत नोंदवायची, ठरलेल्या मुदतीत निकाली काढायची, आणि पन्नास लाखांच्या वर नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमाने स्वतःहून काही काढलं तर काढण्याआधी कारण कळवायचं. चारशे पोरांच्या ग्रुपला हे बंधन नाही, आणि कायद्याने ते घालावं असं मी म्हणणारही नाही. पण आम्ही मोजून पाहिलं. एक ओळ लिहायला जेवढा वेळ लागतो त्याहून दहापट वेळ ‘माझा मेसेज कुठे गेला’ या भांडणात जात होता. ओळ लिहायला लागल्यापासून काढण्याचं प्रमाणही कमी झालं, कारण लिहायला बसलं की नियम सापडत नाही, आणि नियम सापडला नाही की हात थांबतो.

तेव्हा गेल्या वर्षी आम्ही ग्रुपमध्ये ‘काढलेलं’ नावाचा एक कप्पा उघडला. तो सगळ्यांना दिसतो. काढलेला मेसेज शिवी झाकून, आणि छळ झालेल्या व्यक्तीची ओळख येणार नाही अशा बेताने, तिथे सारांशाने येतो. खाली नियमाचा क्रमांक आणि काढणाऱ्या मॉडचं नाव. सात दिवसांत कोणीही विचारू शकतं, आणि ज्याने काढलं त्याने त्याचा निकाल द्यायचा नाही, दुसऱ्या मॉडने द्यायचा. मॉडबद्दलची, किंवा मॉडच्या ओळखीच्या आयोजकाबद्दलची टीका एकट्याने काढायचीच नाही, तिघांची संमती लागते. ‘वातावरण बिघडवू नये’ हा नियम आम्ही खोडला. बॉटच्या यादीतली ती चांदणीही काढली. आबा आता बिनधास्त आंडोर म्हणतात. ती मुलगी स्वतःच्या नावाने खेळते, माइक चालू असतो. दोनदा तिच्यासाठी कप्प्यात नोंद करावी लागली आहे, एकदा माझ्या लहानपणच्या मित्राला ग्रुपमधून काढावं लागलं. तो माझ्याशी अजून बोलत नाही.

कप्पा उघडला त्या दिवशी पहिली नोंद माझीच असावी असं मला वाटलं. अमळनेरच्या त्या पोराचा नंबर शोधला. तो आता चाकणला एका कंपनीत अप्रेंटिस आहे. त्याने मेसेजचा स्क्रीनशॉट जपून ठेवला होता, लगेच पाठवला. तो मी पूर्ण टाकला, तारीख आणि वेळेसह. खाली लिहिलं, ‘नियम: कोणताही नाही. कारण: आयोजकाचा फोन आला. काढणारा: मी.’ आणि पुढे माझं नाव. त्याला लिंक पाठवली, त्याने पाहिलं. ग्रुपमध्ये तो परत आलेला नाही. बक्षिसाचे पैसेही अजून आलेले नाहीत.